पॉलिसीधारकांचा पैसा परदेशी रोख्यांत का जात नाही

ज्यांनी हा प्रश्न विचारला आहे त्यांच्याकडे एक जुनी बोनसवाली एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी आहे आणि एक युलिप, म्हणजे हप्ता बाजारातल्या फंडांत गुंतवणारी विमा पॉलिसी. त्यांची शंका थोडक्यात अशी: म्युच्युअल फंडातून अमेरिकेतल्या कंपन्यांचे शेअर घेता येतात, मग युलिपच्या एवढ्या फंडांमध्ये एकही परदेशी फंड का नाही? विमा कंपनीने परदेशी रोख्यांत, म्हणजे शेअर-बाँडमध्ये, किती टक्के गुंतवावे यावर कायद्याने काय मर्यादा घातली आहे? आणि विमा कंपनीत परदेशी भागीदाराचा हिस्सा मोठा असेल तर आपले हप्ते त्याच्या देशात जाऊ शकतात का?

मी नोकरीचा मोठा काळ मुंबईत विमा कंपन्यांच्या गुंतवणूक विभागात काढला आहे. हा प्रश्न नवीन आलेले विश्लेषकही पहिल्याच महिन्यात विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. भारतात मर्यादा पाच टक्के, दहा टक्के अशी नाहीच. ती शून्य आहे. विमा अधिनियम १९३८ मधले कलम २७ई सांगते की कोणत्याही विमा कंपनीने पॉलिसीधारकांचा निधी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे भारताबाहेर गुंतवायचा नाही. एका वाक्याचे कलम आहे. त्याला ‘मात्र’ने सुरू होणारे शेपूट नाही, की नियामकाने परवानगी दिल्यास चालेल अशी पळवाटही नाही. ही तरतूद प्रथम १९९९ च्या विमा नियामक अधिनियमाने २७सी या क्रमांकाने आली. खासगी कंपन्यांना दार उघडले, त्याच कायद्याने हे दार बंद केले. २०१५ च्या दुरुस्तीत क्रमांक बदलून ती २७ई झाली आणि याच दुरुस्तीने गुंतवणुकीच्या कलमांच्या उल्लंघनासाठी २५ कोटी रुपयांपर्यंतचा दंड ठेवला.

म्युच्युअल फंडांचे नियम शेअर बाजाराची नियामक सेबी करते, आणि तिथे बंदी नसून एकूण रकमेची मर्यादा आहे: सगळ्या फंड कंपन्या मिळून परदेशी रोख्यांत ७ अब्ज डॉलर आणि परदेशी ईटीएफमध्ये (बाजारात शेअरसारख्या विकल्या जाणाऱ्या फंडांत) १ अब्ज डॉलर. २०२२ च्या सुरुवातीला ही मर्यादा गाठत आली तेव्हा अनेक परदेशी योजनांनी नवे पैसे घेणेच थांबवले होते. म्हणजे तुम्हाला जे मोकळे वाटते तेही पूर्ण मोकळे नाही. पण सेबी उद्या हा आकडा वाढवू शकते. विमा नियामकाला तशी मुभा नाही, कारण ही बंदी नियमावलीत नसून मूळ कायद्यात आहे आणि ती हलवायची तर संसदेतच जावे लागेल.

आता त्या कलमातल्या दोन शब्दांकडे या. प्रत्यक्ष कामात सगळा वाद त्यांच्याभोवतीच फिरतो.

पहिला शब्द ‘पॉलिसीधारकांचा निधी’. कलम कंपनीच्या सगळ्या पैशाबद्दल बोलत नाही. विमा कंपनीत दोन प्रकारचा पैसा असतो. एक तुम्ही भरलेल्या हप्त्यांतून जमलेला, म्हणजे बोनसवाल्या पॉलिसींचा निधी, बिनबोनसवाल्यांचा, पेन्शन-ॲन्युइटीचा आणि युलिपचा. दुसरा भागधारकांचा, म्हणजे मालकांनी घातलेले भांडवल आणि वर्षानुवर्षे साठलेला नफा. भागधारकांच्या पैशातला सॉल्व्हन्सी मार्जिनपुरता (देणी फेडता यावीत म्हणून राखायच्या जादा भांडवलापुरता) भाग पॉलिसीधारकांच्या देण्यांना आधार म्हणून बांधलेला असतो. त्याच्या वरचा भाग वेगळ्या कस्टडी खात्यात (रोखे सांभाळण्याच्या खात्यात), कोणते रोखे त्याचे हे नेमून, ठेवावा लागतो आणि त्याला गुंतवणुकीचा ठराविक साचा लागू होत नाही. एचडीएफसी लाइफने दुबईत आपली उपकंपनी काढली, किंवा एलआयसीच्या बहारीन, नेपाळ, श्रीलंका, सिंगापूर अशा ठिकाणी कंपन्या आहेत, हे वाचून काही जण म्हणतात की बंदी कागदावरच आहे. तसे नाही. उपकंपनीत भांडवल घालणे हा मालकांच्या पैशाचा विषय आहे. त्याला विमा नियामक आणि रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानग्या लागतात, पण २७ई तिथे आड येत नाही.

परदेशातल्या शाखांबद्दलही असाच गोंधळ असतो. एलआयसीच्या फिजी, मॉरिशस आणि ब्रिटनमध्ये शाखा आहेत. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स तर जन्मापासून बाहेर व्यवसाय करत आली आहे. फिजीतल्या माणसाने फिजी डॉलरमध्ये हप्ता भरला, त्याचा दावा फिजी डॉलरमध्येच द्यायचा आहे, तर त्याचा पैसा तिथल्या रोख्यांत असणे हेच शहाणपणाचे आणि तिथल्या कायद्यालाही तेच हवे असते. म्हणूनच वार्षिक अहवालातल्या घोषणेचे शब्द नीट वाचावेत. कंपनीचे व्यवस्थापन तिथे लिहून देते की ‘भारतात दिलेल्या पॉलिसींच्या धारकांचा’ निधी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे भारताबाहेर गुंतवलेला नाही. भारतात दिलेल्या पॉलिसी, एवढ्यावरच ती घोषणा थांबते.

दुसरा शब्द ‘अप्रत्यक्षपणे’. गुंतवणूक विभागातल्या माणसाची झोप उडवणारा शब्द हाच. न्यूयॉर्कच्या बाजारातला शेअर घेऊ नये हे कोणालाही कळते. पण भारतात नोंदलेला, रुपयात मिळणारा, नॅस्डॅक १०० या अमेरिकी निर्देशांकावर चालणारा ईटीएफ? तो मुंबईच्या बाजारातच विकत घेता येतो. तरी त्यातला पैसा शेवटी अमेरिकेत जातो, म्हणून पॉलिसीधारकांच्या निधीतून तो घेता येत नाही. परदेशी योजनेत पैसे नेऊन टाकणारे फीडर फंडही त्याच कारणाने बाद. पर्यायी गुंतवणूक निधी, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांकडून पैसे गोळा करणारे एआयएफ, हे त्याहून निसरडे प्रकरण. अशा निधीचे व्यवस्थापक आज इथल्या स्टार्टअपमध्ये पैसे घालतात आणि उद्या तीच कंपनी आपले मुख्यालय सिंगापूरला हलवते. २०२१ मध्ये नियामकाने विमा कंपन्यांना निधींच्या निधीत (इतर निधींत पैसे घालणाऱ्या निधीत) गुंतवणुकीची परवानगी दिली तेव्हा स्पष्ट अट घातली, की त्या निधीने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे बाहेर पैसे घालायचे नाहीत आणि तसे बंधन त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले हवे. आमच्या कामात करारनाम्यातल्या या एका कलमावर जेवढा वेळ गेला तेवढा कधीकधी परताव्याच्या हिशोबावरही गेला नाही, आणि तो सार्थकी लागला असे मी मानतो. कारण करारावर सही झाल्यावर विमा कंपनीच्या हातात फारसे काही उरत नाही.

गिफ्ट सिटीचेही तेच. ती गुजरातेत आहे, पण परकीय चलन कायद्याच्या नजरेतून तिथल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्रातली वित्तसंस्था भारताबाहेरची धरली जाते. त्यामुळे मुंबईतल्या विमा कंपनीने पॉलिसीधारकांचा पैसा तिथल्या एखाद्या डॉलर निधीत ठेवायचा म्हटले तर तो बाहेर नेल्यासारखाच होतो. नकाशावर देश एकच असला तरी कलम नकाशा पाहत नाही.

मग अप्रत्यक्षपणाची हद्द कुठे संपते? टीसीएस आणि इन्फोसिस यांचे बहुतेक उत्पन्न परदेशातून येते. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली. तुमच्या युलिपच्या इक्विटी फंडात अशा कंपन्यांचे शेअर जवळपास नक्की असतात आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. रोखे भारतीय कंपनीने भारतात काढलेले आहेत. ती कंपनी पुढे कुठे व्यापार करते हा तिचा प्रश्न. इन्फोसिसचा मुंबईतला शेअर चालतो, त्याच इन्फोसिसचा न्यूयॉर्कमधला एडीआर (त्या शेअरच्या बदल्यात तिथे डॉलरमध्ये विकली जाणारी पावती) चालत नाही. कंपनीच्या मिळकतीला जगाचे वारे लागतात, ते चालते. पॉलिसीधारकांचा पैसा सीमेपार गेलेला चालत नाही.

हे सगळे एवढे कडक का, याचे खरे उत्तर ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला आहे. एंडोमेंट पॉलिसीत कंपनीने तुम्हाला रुपयांत वचन दिलेले असते: अमुक वर्षांनी अमुक लाख, मध्ये मृत्यू झाला तर वारसाला अमुक. ॲन्युइटीत तर माणूस जिवंत असेपर्यंत दरमहा रुपये द्यायचे. देणे रुपयांत आणि ठेव डॉलरमध्ये, अशी जोडी जुळवली की व्याजदर आणि मृत्युदर या नेहमीच्या दोन जोखमींत विनिमय दराची तिसरी भर पडते. यावर लोक म्हणतात, डॉलर १९८० मध्ये आठ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये पंच्याऐंशीच्या वर गेला, मग डॉलर धरून ठेवणाऱ्याचे नुकसान झालेच कधी? दीर्घ काळाचा हिशोब बरोबर आहे. पण विमा कंपनीला दीर्घ काळानंतर एकदाच हिशोब द्यायचा नसतो. तिला दर तिमाहीला सॉल्व्हन्सी दाखवायची असते आणि रोज दावे द्यायचे असतात. मधली दोन वाईट वर्षे तिला थांबून काढता येत नाहीत.

जपानचे उदाहरण आमच्या पिढीला पाठ आहे. ऐंशीच्या दशकात तिथल्या आयुर्विमा कंपन्या अमेरिकी सरकारी रोख्यांच्या मोठ्या खरेदीदार होत्या. परदेशी रोख्यांवरची मर्यादा वाढवत १९८६ मध्ये मालमत्तेच्या ३० टक्क्यांपर्यंत नेली होती. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९८५ मध्ये, डॉलर स्वस्त करण्यासाठी पाच मोठ्या देशांत प्लाझा करार झाला होता. २४० येनच्या आसपास असलेला डॉलर पुढच्या तीनेक वर्षांत १२० ते १३० येनवर आला. व्याज मिळाले, मुद्दल येनमध्ये मोजताना जवळपास निम्मे झाले. १९९७ ते २००१ दरम्यान सात जपानी आयुर्विमा कंपन्या कोसळल्या, त्याचे मुख्य कारण जास्त हमी दिलेले दर आणि घसरलेले व्याज हे होते, चलन नव्हे. सगळा दोष डॉलरवर टाकणे चुकीचे ठरेल. पण ज्या कंपनीची भांडवलाची उशी चलनातच संपली होती तिला पुढचा धक्का सोसायला काय उरणार? जपानने ती टक्केवारीची मर्यादा २०१२ मध्ये काढून टाकली, कारण तोवर जोखमीनुसार भांडवल मोजण्याची पद्धत तिथे पक्की झाली होती.

तैवानची गोष्ट त्याहून बोधक आहे आणि अगदी ताजी. तिथे कायद्याने परदेशी गुंतवणुकीला निधीच्या ४५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. ऐकायला मोठी, पण मर्यादा तर आहे. मात्र स्थानिक बाजारात नोंदलेले परकीय चलनातले रोखे मोजणीतून वगळले गेले. मग काय, तसे रोखे ढिगाने निघाले आणि आयुर्विमा कंपन्यांची प्रत्यक्ष परदेशी मालमत्ता ४५ च्या बरीच वर गेली. मे २०२५ च्या सुरुवातीला तैवानी डॉलर दोन दिवसांत असा उसळला की तशी उसळी कित्येक दशकांत कोणी पाहिली नव्हती, आणि तिथल्या विमा कंपन्यांना मोठा फटका बसला. टक्केवारीतली मर्यादा कशी पोकळ होते ते यात दिसते. आपल्या कलमातला ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द मला म्हणूनच मोलाचा वाटतो; वगळण्याची यादी करायला तो जागाच ठेवत नाही.

इतरत्र पद्धती वेगळ्या आहेत. अमेरिकेत विमा हा राज्यांचा विषय. राज्यांच्या नियामकांच्या संघटनेने तयार केलेल्या आदर्श कायद्यात परदेशी गुंतवणुकीला एकूण मान्य मालमत्तेच्या २० टक्के, आणि त्यातही एका देशात उत्तम पतमानांकन असेल तर १० टक्के, नाहीतर ३ टक्के अशी हद्द आहे. युरोपात २०१६ पासून सॉल्व्हन्सी २ लागू झाले. तिथे टक्केवारी नाही, शहाण्या माणसाने दुसऱ्याचा पैसा जसा सांभाळावा तसा सांभाळा असे तत्त्व आहे, आणि चलन न जुळणारी मालमत्ता ठेवली तर २५ टक्के घसरणीचा धक्का गृहीत धरून त्यासाठी भांडवल बाजूला काढावे लागते. म्हणजे जोखीम घेण्याला परवानगी आहे, पण फुकट नाही. ही पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. भारतात जोखमीवर आधारित भांडवलाची अशी चौकट घट्ट बसल्याशिवाय ती आणणे मात्र धोक्याचे होईल.

भारताच्या बंदीमागे आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारच्या अजून फेडायच्या असलेल्या रोख्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश विमा कंपन्यांकडे आहेत. आयुर्विम्याच्या निधीतला किमान २५ टक्के भाग केंद्राच्या रोख्यांत आणि तो धरून किमान ५० टक्के केंद्र, राज्ये आणि इतर मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावा लागतो. पायाभूत सुविधा आणि गृहबांधणीसाठी १५ टक्के वेगळे. सरकार चाळीस आणि पन्नास वर्षांचे रोखे काढते ते मुख्यतः आयुर्विमा आणि पेन्शनच्या पैशाच्या भरवशावर. एलआयसीकडे मार्च २०२५ अखेर ५४ लाख कोटी रुपयांहून जास्त मालमत्ता व्यवस्थापनाखाली होती. त्यातले दहा टक्के जरी बाहेर जायचे म्हटले तरी साधारण साठ अब्ज डॉलर बाजारातून उचलावे लागतील. याचा भार रुपयावर पडेल आणि सरकारच्या कर्जाच्या दरावरही. कायदा पॉलिसीधारकाचे रक्षण करतो हे खरे, पण तो त्याच वेळी देशाच्या कर्जासाठी हक्काचा ग्राहकही राखून ठेवतो. हे दोन्ही हेतू उघडपणे मान्य करावेत.

माझे मत विचाराल तर हमी आणि बोनस असलेल्या पॉलिसी, ॲन्युइटी, सर्वसाधारण विमा यांच्यासाठी ही बंदी जशी आहे तशी राहावी. तिथे गुंतवणुकीची जोखीम कंपनी उचलते आणि कंपनी बुडाली तर शेवटी ती पॉलिसीधारकावरच येते. युलिपची गोष्ट वेगळी. तिथे चढउतार पहिल्या दिवसापासून तुमचाच असतो, फंड तुम्ही निवडता, आणि पाच वर्षे पैसा तसाही अडकलेला असतो. तिथे एका स्वतंत्र, स्पष्ट नावाच्या फंडापुरती परदेशी निर्देशांकाची परवानगी द्यायला हरकत नसावी. आज कलम दोन्ही पैशांना एकाच मापाने मोजते. युलिप आपल्याकडे रुजायच्या आधी लिहिलेले ते वाक्य आहे आणि त्यात हा फरक करायला हवा होता.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पॉलिसीधारकांच्या पैशाचा देशातला सर्वांत गाजलेला दुरुपयोग परदेशात झाला नाही. १९५७ मध्ये नवजात एलआयसीने हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले, तेही तिच्या गुंतवणूक समितीला डावलून. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रकरण काढले, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी मुंबईत खुली चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. सीमा बंद ठेवल्याने पैसा आपोआप सुरक्षित होत नाही. निर्णय कोण घेते आणि त्यावर नजर कोण ठेवते हे तितकेच महत्त्वाचे. आज गुंतवणूक समितीत मुख्य कार्यकारी, वित्तप्रमुख, गुंतवणूकप्रमुख, जोखीमप्रमुख, नियुक्त ॲक्च्युअरी (विम्याची देणी मोजणारा गणितज्ञ) यांच्याबरोबर किमान दोन बिगर-कार्यकारी संचालक असावे लागतात, खरेदी करणारे आणि तिची नोंद करणारे वेगळे ठेवावे लागतात, आणि व्यवहार होत असतानाच त्यांचे समवर्ती लेखापरीक्षण चालू असते.

आता परदेशी भागीदाराचा प्रश्न. परदेशी हिश्श्याची मर्यादा २०१५ मध्ये २६ वरून ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात ती १०० टक्के करण्याची घोषणा करताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अट सांगितली, की संपूर्ण प्रीमियम भारतातच गुंतवणाऱ्या कंपन्यांनाच ही सवलत. म्हणजे मालक कोणत्याही देशाचा असो, तुमचे हप्ते त्याच्या देशातल्या रोख्यांत जाऊ शकत नाहीत. प्रवर्तकांच्या गटातल्या कंपन्यांत गुंतवणुकीवरही आताच्या कलम २७सी प्रमाणे ५ टक्क्यांची हद्द आहे. मालकाला बाहेर नेता येतो तो लाभांश, आणि तो भागधारकांच्या नफ्यातून. बोनसवाल्या निधीच्या अधिशेषातला जास्तीत जास्त दहावा हिस्सा भागधारकांना मिळतो, उरलेला पॉलिसीधारकांचा. पुनर्विम्याचा, म्हणजे विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीसाठी घेतलेल्या विम्याचा, हप्ताही परदेशी कंपन्यांना जातो, पण ती गुंतवणूक नाही. जोखीम वाटून घेण्याची ती किंमत आहे आणि मोठ्या दाव्यात पैसा तिकडून इकडे येतो.

कंपनीच्या म्हणण्यावर विसंबून राहायचे नसेल तर तिच्या संकेतस्थळावरचा वार्षिक अहवाल उघडा. त्यात ‘मॅनेजमेंट रिपोर्ट’ नावाचा भाग असतो. वर सांगितलेली घोषणा तिथे असते. लेखापरीक्षकांच्या प्रमाणपत्रातही पॉलिसीधारकांच्या निधीचा वापर कायद्याविरुद्ध झालेला नाही असे विधान असते. युलिपच्या मासिक माहितीपत्रकात फंडातल्या प्रमुख रोख्यांची यादी मिळते, तीही चाळा.

आणि परदेशी शेअर हवेच असतील तर त्यासाठी युलिप मोडू नका. उदारीकृत प्रेषण योजनेखाली तुम्ही स्वतः एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकता. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेल्यास गुंतवणुकीसाठीच्या त्या वरच्या रकमेवर २० टक्के कर बँक आधीच वसूल करते, जो पुढे विवरणपत्रात वळता होतो. त्या परदेशी मालमत्तेची नोंद विवरणपत्राच्या वेगळ्या परिशिष्टात करणे बंधनकारक आहे आणि ती राहिली तर काळा पैसा कायद्याखाली मोठा दंड होऊ शकतो, तेव्हा पहिला डॉलर पाठवण्याआधी सनदी लेखापालाशी बोला. तुमचे कोणी दुबईत किंवा न्यू जर्सीत असेल आणि त्यांची पुढची गरजही डॉलरमध्येच असेल, तर त्यांनी गिफ्ट सिटीतल्या विमा कार्यालयांच्या डॉलर पॉलिसी पाहाव्यात. त्या रुपयांच्या निधीत मिसळत नाहीत, आणि तिथला हप्ता, दावा आणि गुंतवणूक तिन्ही परकीय चलनातच राहतात.